पटिच्चसमुप्पाद आणि व्यवस्था-विचार : जालन्याच्या पाण्याच्या निमित्ताने

काही प्रश्न कठीण असतात. परंतु ते एकदा सुटले की सुटतात. नदीवर पूल बांधणे हा अशा प्रकारचा प्रश्न होय. काही प्रश्न मात्र सोडविल्यानंतर पुन्हा उभे राहतात, आणि पुष्कळदा आपण केलेल्या उपायाच्याच पोटातून ते नव्याने जन्म घेतात. दुष्काळ, दारिद्र्य, जातीयता, व्यसनाधीनता हे या दुसऱ्या वर्गातील प्रश्न आहेत. अशा प्रश्नांचा विचार करण्याची जी पद्धती विसाव्या शतकात विकसित झाली, तिला इंग्रजीत ‘सिस्टिम्स थिंकिंग’ म्हणतात. मराठीत आपण तिला ‘व्यवस्था-विचार’ म्हणू. ही पद्धती काय आहे, बौद्ध वाङ्मयातील कार्यकारणविचाराशी तिचे नाते कोणते, आणि जालन्यासारख्या जिल्ह्यातील पाण्याच्या प्रश्नाला ती कशी लागू पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

व्यवस्था म्हणजे काय?

परस्परांशी अशा रीतीने बांधलेल्या घटकांचा समूह, की एका घटकात झालेला बदल इतरांपर्यंत पोहोचतो आणि फिरून पहिल्यावर परिणाम करतो, त्यास व्यवस्था म्हणावे. वाळूचा ढीग ही व्यवस्था नव्हे. त्यातून मूठभर वाळू काढली तरी तो ढीगच राहतो. शरीर ही व्यवस्था आहे, गाव ही व्यवस्था आहे, नदीचे खोरे ही व्यवस्था आहे.

लुडविग फॉन बर्टालान्फी या जीवशास्त्रज्ञाने या विचाराला तात्त्विक मांडणी दिली. त्याचा ‘जनरल सिस्टिम थिअरी’ हा ग्रंथ १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत जे फॉरेस्टर यांनी व्यवस्थांचे वर्तन गणिताने मांडण्याची पद्धती तयार केली. त्याच परंपरेतील डोनेला मेडोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये ‘द लिमिट्स टु ग्रोथ’ हा अहवाल लिहिला. या विचाराच्या चार संज्ञा समजून घेतल्या म्हणजे पुढील विवेचन सुलभ होईल.

पहिली संज्ञा ‘साठा’ आणि त्याचे ‘प्रवाह’. विहिरीतील पाणी हा साठा. झिरपून येणारे पाणी हा आवक प्रवाह आणि उपसा हा जावक प्रवाह. दुसरी संज्ञा ‘प्रत्याभरण’, म्हणजे परिणामाने फिरून कारणाकडे येणे. हे दोन प्रकारचे असते. व्याजावर व्याज चढावे तसा जो फेरा स्वतःलाच वाढवीत नेतो तो वर्धक; तहान लागली की पाणी प्यावे आणि तहान शमली की थांबावे, असा जो फेरा समतोल राखतो तो संतोलक. तिसरी संज्ञा ‘विलंब’: कृती आज होते, परिणाम अनेक वर्षांनी दिसतो, आणि म्हणून दोहोंचा संबंध आपल्या ध्यानात येत नाही. चौथी संज्ञा ‘मर्मस्थान’: जेथे अल्प प्रयत्नाने मोठा बदल घडू शकतो असे व्यवस्थेतील स्थळ.

पालि साहित्यातील कार्यकारणविचार

पटिच्चसमुप्पादाचे सामान्य सूत्र आपल्या वाचकांच्या परिचयाचे आहे. अमुक असताना अमुक होते, अमुक नसताना अमुक होत नाही. एकाच्या उत्पत्तीने दुसऱ्याची उत्पत्ती आणि एकाच्या निरोधाने दुसऱ्याचा निरोध, हा त्याचा आशय. बारा निदानांची साखळी हे या सामान्य नियमाचे एक उपयोजन आहे. नियम मात्र तिच्याहून व्यापक असून त्याला ‘इदप्पच्चयता’ असे नाव आहे.

या साखळीचा अर्थ सरळ रेषेसारखा लावण्याची सवय आपल्याला लागलेली आहे. पहिल्या कडीमुळे दुसरी, दुसरीमुळे तिसरी, एवढेच आपण पाहतो. परंतु संयुत्त निकायातील नळकलापी सुत्तात सारिपुत्त थेर वेगळा दाखला देतात. एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या बोरूच्या दोन पेंढ्यांप्रमाणे विञ्ञाण आणि नामरूप परस्परांच्या आधारावर उभे असतात. एक पेंढी काढली की दुसरी पडते. येथे कोणते कारण आणि कोणते कार्य? दोन्ही दोन्ही आहेत. अभिधम्मातील पट्ठान या ग्रंथात चोवीस पच्चय सांगितले असून त्यांपैकी ‘अञ्ञमञ्ञ पच्चय’ हा याच परस्परावलंबनाचा निर्देश करतो. ‘आसेवन पच्चय’ पुनरावृत्तीने बळ कसे मिळते हे सांगतो, तर ‘आहार पच्चय’ एखादी गोष्ट कशाच्या पोषणावर टिकून आहे हे सांगतो. अमेरिकन अभ्यासिका जोआना मेसी यांनी बुद्धाचा कार्यकारणविचार आणि व्यवस्था-सिद्धान्त यांची तुलना करणारा ग्रंथ १९९१ मध्ये प्रसिद्ध केला, तो या परस्पर कार्यकारणभावाच्या मुद्द्यावरच उभा आहे.

या ठिकाणी एक सावधगिरी आवश्यक आहे. तथागतांनी आधुनिक व्यवस्था-शास्त्र अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवले होते, असा दावा करणे अभ्यासकाला शोभणारे नाही. पटिच्चसमुप्पादाचा विषय दुःखाची उत्पत्ती आणि दुःखाचा निरोध हा आहे. साम्य आहे ते विचार करण्याच्या रीतीत. प्रश्नाचा कर्ता शोधण्याऐवजी प्रश्नाचे पच्चय शोधणे, ही ती रीत होय.

दोन राजे, दोन उपाय

सामाजिक प्रश्नाला ही रीत लावल्याचे उदाहरण दीघ निकायातच सापडते. चक्कवत्तिसीहनाद सुत्तातील राजा धर्माने रक्षण करतो, परंतु निर्धनांना धन देत नाही. त्यामुळे दारिद्र्य वाढते आणि दारिद्र्यामुळे चोरी सुरू होते. पकडलेल्या चोराला राजा उपजीविकेसाठी धन देतो. चोरी केली की धन मिळते, हे लोकांना कळते आणि चोऱ्या वाढतात. तेव्हा राजा शिरच्छेदाची शिक्षा सुरू करतो. मग चोर शस्त्रे घडवितात, गावे लुटतात आणि साक्षीदार उरू नये म्हणून लोकांना ठार मारतात. चोरीतून हिंसा, हिंसेतून असत्य अशी घसरण होत जाऊन माणसाचे आयुर्मानच घटते. राजाचा प्रत्येक उपाय त्या त्या क्षणी समंजस वाटतो. परंतु प्रत्येक उपाय पुढील आपत्तीचा पच्चय ठरतो.

कूटदन्त सुत्तातील राजा महाविजिताला मोठा यज्ञ करावयाचा आहे. राज्यात चोरांचा उपद्रव आहे. त्याचा पुरोहित सांगतो की, वध, बंधन आणि दंड यांनी हा उपद्रव संपणार नाही. जे वाचतील ते पुन्हा त्रास देतील. त्याऐवजी शेती व पशुपालन करणाऱ्यांना बी-बियाणे आणि वैरण द्यावी, व्यापार करणाऱ्यांना भांडवल द्यावे, राजसेवकांना अन्न आणि वेतन द्यावे. लोक आपापल्या कामात गुंततात आणि दारे उघडी ठेवून निर्धास्त राहू लागतात.

धन तर दोन्ही राजांनी दिले. मग एकाचे दान अनर्थकारक आणि दुसऱ्याचे कल्याणकारक का ठरले? पहिल्याने ते चोरीनंतर, चोराला दिले. दुसऱ्याने ते चोरीपूर्वी, उत्पादनाचे साधन म्हणून दिले. म्हणजे काय दिले यापेक्षा व्यवस्थेत ते कोठे आणि केव्हा दिले, याला अधिक महत्त्व आहे. मर्मस्थान या संज्ञेचा याहून चांगला खुलासा शोधूनही सापडणार नाही.

जालन्याचे पाणी

आता आपल्या भूमीकडे वळू. कुंडलिका नदीच्या एका तीरावर जुना जालना आणि दुसऱ्या तीरावर नवीन जालना. नदीकाठी वसलेले हे शहर दीर्घकाळ पाण्यासाठी तहानलेले राहिले आहे. शहराला पाणी देणारा घाणेवाडीचा तलाव निजामाच्या राजवटीतील आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना हा महाराष्ट्रातील सर्वांत होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. टँकरवर लोक जगले आणि वर्षानुवर्षे जोपासलेल्या मोसंबीच्या बागा वाळून गेल्या. पुढे पैठणच्या जायकवाडी धरणाचे पाणी जलवाहिनीने शहरात आले.

या प्रश्नाचे नेहमीचे निदान असे की, पाऊस कमी पडतो. ते संपूर्ण असत्य नाही. परंतु अपुरे आहे. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर दहा हजार लिटर पाणी पडते. वर्षात ६०० मिलिमीटर पाऊस झाला तर त्या एका हेक्टरवर साठ लाख लिटर पाणी आलेले असते. ते कोठे जाते आणि कोणाकडे जाते, हा खरा प्रश्न आहे.

मराठवाड्याची भूमी काळ्या पाषाणाची आहे. या खडकात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत. हा साठा मर्यादित असतो. पाऊस हुकला की ज्याला शक्य आहे तो कूपनलिका घेतो. पाण्याची हमी वाटू लागली की अधिक पाण्याचे आणि अधिक पैशाचे पीक घेतले जाते. त्यासाठी कर्ज काढले जाते. कर्ज फेडण्यासाठी पीक जगवावेच लागते. उपसा वाढतो, पातळी खाली जाते, शेजाऱ्याची विहीर आटते, आणि मग शेजारीही अधिक खोल जातो. हा वर्धक फेरा आहे. यात कोणीही दुष्ट नाही. प्रत्येकजण आपापल्या जागी विवेकाने वागत आहे, आणि सर्वांच्या विवेकाची बेरीज मात्र सर्वांच्या नाशात होते. खोल विहिरींना आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने २००९ मध्ये भूजल अधिनियम केला. परंतु केवळ मनाईने हा फेरा थांबत नाही, कारण त्याचा आहार, म्हणजे कर्ज, बाजार आणि पावसाची अनिश्चितता, कायम राहतो.

कडवंची आणि शेततळ्यांचा धडा

याच जिल्ह्यात दुसऱ्या प्रकारचे उदाहरणही आहे. जालना तालुक्यातील कडवंची या गावी १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमांतर्गत काम झाले. जालन्याच्या कृषि विज्ञान केंद्राने त्यात पुढाकार घेतला. या कामाचे तत्त्व ‘माथा ते पायथा’ असे होते. प्रथम टेकडीच्या माथ्यावर समतल चर, मग उतारावर बांधबंदिस्ती, आणि शेवटी नाल्यावर बंधारे. वरचे काम न करता खालचा बंधारा बांधला तर तो गाळाने भरतो.

अंगुत्तर निकायातील अविज्जा सुत्ताची येथे आठवण होते. पर्वतावर पाऊस पडला म्हणजे कपारी भरतात, कपारी भरल्या की लहान डबकी, मग मोठी तळी, मग लहान नद्या, मग मोठ्या नद्या आणि शेवटी समुद्र, हा दाखला तेथे आला आहे. अविद्येलाही आहार आहे आणि विमुक्तीलाही आहार आहे, हे त्यातून दाखवावयाचे आहे. जे भरावयाचे त्याच्या वरचे आधी भरावे लागते, ही गोष्ट साधनेला जितकी लागू तितकीच शिवाराला.

कडवंचीत पाणी आले, द्राक्षाच्या बागा उभ्या राहिल्या आणि गावाचे उत्पन्न वाढले. हे यश खरे आहे. त्यासोबत प्लास्टिकच्या अस्तराची शेकडो शेततळीही आली. येथे व्यवस्था-विचाराने एक पाऊल थांबावे लागते. शेततळ्याची मूळ कल्पना वाहून जाणारे पावसाचे पाणी अडविण्याची. २०१६ पासून राज्यात ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजनाही राबविण्यात आली. परंतु महाराष्ट्रात अनेक ठिकाणी असे आढळून आले की, अस्तर घातलेले तळे पावसाने न भरता विहिरीतून व कूपनलिकेतून उपसून भरले जाते. अस्तरामुळे त्यातील थेंबही जमिनीत झिरपत नाही. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल अशा तळ्यात, बाजूंचा उतार धरून, सुमारे बावीस लाख लिटर पाणी मावते. त्यातील वरच्या केवळ एक मीटर पाण्याची वाफ झाली तरी आठ लाख लिटरांहून अधिक पाणी आकाशात जाते. जमिनीच्या पोटात हे पाणी सर्वांचे होते. तळ्यात आल्यावर ते एकाचे झाले. म्हणजे साठा वाढला नाही. साठ्याची जागा आणि मालकी बदलली.

याचा अर्थ शेततळे वाईट असा नव्हे. वाहून जाणारे पाणी अडविणारे तळे हा एक पच्चय आहे आणि भूजल उपसून साठविणारे तळे हा दुसरा. नाव एक असले तरी व्यवस्थेतील त्यांचे कार्य भिन्न आहे.

घाणेवाडीच्या तलावाचा धडा याहून साधा आहे. तलावात साचलेला गाळ म्हणजे वरच्या शेतांतून वाहून आलेली सुपीक माती. तलावाच्या दृष्टीने ते संकट, शेताच्या दृष्टीने ते हरवलेले धन. नागरिकांच्या पुढाकाराने गाळ काढण्याचे काम झाले आणि शेतकऱ्यांनी तो गाळ आपल्या शेतात नेला, तेव्हा एकाच कृतीने दोन प्रश्न हलके झाले. शासनाने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आणली, तिचे सूत्र हेच होते. तथापि उतारावरील धूप थांबली नाही तर गाळ पुन्हा येणारच.

वरचे आणि खालचे

जलवाहिनीने आलेल्या पाण्यामुळे जालन्याचा प्रश्न संपला असे मानणे हीदेखील व्यवस्थेची मर्यादा चुकीच्या जागी आखणे होय. जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये झाली आणि १९७६ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. धरणात येणारे पाणी नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील धरणे ओलांडून यावे लागते. वरच्या धरणांतून खाली किती पाणी सोडावे, हा वाद जलसंपत्ती नियमन प्राधिकरणापुढे गेला. २००५ च्या कायद्यातील समन्यायी वाटपाच्या तरतुदीच्या आधारे प्राधिकरणाने २०१४ मध्ये आदेश दिला आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यावर निर्णय दिला. जालन्याच्या नळाचे एक टोक असे गोदावरीच्या वरच्या खोऱ्यातील उसाच्या शेतापर्यंत जाते.

शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीचा वाद आपण सर्व जाणतो. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण या वादात दाखविले आहे. युद्धाऐवजी दोन्ही पक्षांचे दोन-दोन प्रतिनिधी आणि त्यांनी निवडलेला पाचवा, अशा पंचांनी निर्णय करावा, असे सिद्धार्थ सुचवितो. पुढे युद्ध टळल्याची वार्ता येते, तरीही तो परत फिरत नाही. युद्धाचा प्रश्न हा संघर्षाच्या मोठ्या प्रश्नाचा केवळ एक भाग आहे, हे त्याला उमगलेले असते. घटना मिटली म्हणजे घटनेला जन्म देणारी रचना मिटली असे नव्हे, हा व्यवस्था-विचाराचा गाभा येथे आहे.

बाबासाहेबांची विचारपद्धती

बाबासाहेबांच्या लेखनात ही पद्धती आरंभापासून दिसते. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिसंस्थेवरील निबंधात त्यांनी सजातीय विवाह हे जातीचे मूळ यंत्र असल्याचे दाखविले. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा म्हणजे गटातील स्त्री-पुरुषांच्या संख्येचा समतोल राखून ते यंत्र चालू ठेवण्याचे उपाय होत, अशी त्यांची मांडणी आहे. आजच्या भाषेत हा संतोलक फेरा आहे.

१९१८ मध्ये लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर त्यांनी निबंध लिहिला. जमिनीचे तुकडे एकत्र करा, असा उपाय तेव्हा सांगितला जात होता. बाबासाहेबांनी दाखविले की, धारणक्षेत्र किफायतशीर आहे की नाही हे केवळ त्याच्या आकारावर ठरत नाही. भांडवल, अवजारे आणि श्रम यांच्याशी असलेल्या प्रमाणावर ठरते. शेतीवर पडलेला अतिरिक्त लोकसंख्येचा भार हे दुखण्याचे मूळ. म्हणून शेतीच्या दुखण्यावरचा उपाय औद्योगिकीकरणात आहे. प्रश्न शेतात दिसतो, मर्मस्थान शेताबाहेर आहे.

‘जातिभेदनिर्मूलन’ या १९३६ च्या भाषणातही सहभोजन अपुरे का, याचे उत्तर त्यांनी अशाच रीतीने दिले. जातीला पावित्र्य देणारी शास्त्रप्रामाण्याची श्रद्धा हे तिचे पोषण आहे. ते तोडल्याविना वरवरचे उपाय टिकणार नाहीत. क्रमिक विषमतेची त्यांची संकल्पना तर वर्धक फेऱ्याचे अचूक वर्णन आहे. प्रत्येक पायरीवरच्याला आपल्या खाली कोणीतरी असल्याने संपूर्ण उतरंड मोडण्यात कोणालाच पुरता रस राहत नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना त्यांनी दामोदर खोऱ्याच्या संदर्भात पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि नौकानयन यांचा एकत्रित विचार पुढे नेला, तोही याच दृष्टीचा परिपाक होय.

अभ्यासवर्गासाठी सहा प्रश्न

विहारातील अभ्यासवर्गाने आपल्या वस्तीचा एखादा प्रश्न घ्यावा आणि मोठ्या कागदावर त्याचा नकाशा काढावा. त्यासाठी पुढील प्रश्न उपयोगी पडतील.

१. एकदाच घडलेली घटना कोणती आणि वारंवार घडणारा क्रम कोणता? नळाला एक दिवस पाणी न येणे ही घटना. दर उन्हाळ्यात त्याच वस्तीला न येणे हा क्रम.

२. साठा कोणता, त्यात काय येते आणि त्यातून काय जाते?

३. प्रश्न कशाच्या आहारावर जगतो? त्याच्या टिकून राहण्यात कोणाचा लाभ आहे?

४. आपण केलेल्या उपायाचा परिणाम फिरून कोठे येतो? टँकर आला की तहान भागते, हे आवश्यकच आहे. पण त्यामुळे मूळ कामाची निकड मावळते काय?

५. परिणाम दिसावयास किती काळ लागेल? तोपर्यंत धीर कसा धरावयाचा?

६. नकाशात कोण नाही? घागर वाहणारी स्त्री, भूमिहीन शेतमजूर आणि ऊसतोडीला गेलेले कुटुंब यांच्याविना काढलेला नकाशा अपुरा असतो.

उदान ग्रंथातील जन्मांधांची आणि हत्तीची कथा शेवटच्या प्रश्नासाठी लक्षात ठेवावी. सोंड चाचपणारा खोटे बोलत नव्हता. तो फक्त एकटा बोलत होता.

एक इशारा

व्यवस्था-विचाराचा गैरवापरही होऊ शकतो. ‘व्यवस्थाच तशी आहे’ असे म्हणून प्रत्येकाने आपली जबाबदारी झटकावी, हे त्याचे विकृत रूप होय. तथागतांनी चेतनेला कर्म म्हटले आहे. पच्चयांचे जाळे कितीही विस्तृत असले तरी त्यातील प्रत्येक गाठीवर चेतना असलेला माणूस उभा आहे आणि त्याला निवड करता येते. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी जे घडले, ती अशीच एक निवड होती. तळ्यात पाणी होते, तहानलेले लोक होते. मध्ये होती ती माणसांनी घडविलेली व्यवस्था. एका ओंजळीने ती मोडून पडली नाही. परंतु ती निसर्गसिद्ध नाही, हे त्या ओंजळीने सर्वांना दाखविले.

म्हणून पाणलोट विकासाच्या प्रत्येक कामाला आपण दोन प्रश्न विचारले पाहिजेत. या कामाने पाणी वाढले काय? आणि वाढलेले पाणी कोणाचे झाले? कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, त्यांची मागणी जमिनीची होती. ज्याच्याकडे जमीन नाही त्याच्या वाट्याला जमिनीत मुरलेले पाणीही येत नाही, हा त्या मागणीचा आजचा अर्थ आहे. शिवारात वाढलेल्या पाण्याचा भूमिहीनाला लाभ व्हावयाचा असेल तर पिण्याच्या पाण्यावरील पहिला हक्क, मजुरीचे काम आणि गायरान जमिनीवरील त्याचा अधिकार हे विषय पाणलोटाच्या नकाशातच काढावे लागतील. नंतर जोडून चालणार नाही.

पटिच्चसमुप्पाद आपण वंदनेच्या वेळी आणि परीक्षेच्या वेळी आठवतो. तो जिल्हा परिषदेची पाणीयोजना तपासताना, ग्रामसभेत बोलताना आणि वस्तीच्या नळाचा हिशेब मागतानाही आठवला पाहिजे. जे पच्चयांनी उभे राहिले आहे ते पच्चय बदलले असता बदलते, एवढा विश्वास या शिकवणीने आपल्याला दिलेला आहे. ते पच्चय शोधण्याचे श्रम मात्र आपणच करावयाचे आहेत.